चेनसॉ: वजन, दात आणि हात

चेनसॉ घ्यायला दुकानात आलेला माणूस आधी विचारतो, "किती सीसीची?" त्यामागोमाग येतं, "बार किती इंची?" या दोन उत्तरांवर आपल्याकडे बहुतेक सौदे ठरतात. तिसरा प्रश्न असलाच तर किमतीचा. जो माणूस दिवसभर ही मशीन हातात धरणार, त्याच्या मनगटांचं, बोटांचं, कमरेचं काय होणार, हे क्वचितच कुणी विचारतं. या यंत्राचा शंभर वर्षांचा इतिहास मात्र याच न विचारलेल्या प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

तीन मशीन शेजारी ठेवून पाहाव्यात. 1929 मध्ये आंद्रेआस स्टिल यांनी जर्मनीत झाडं पाडण्यासाठी पेट्रोलवर चालणारी करवत आणली. ताकद 6 अश्वशक्ती, वजन 46 किलो. 1959 मध्ये त्यांच्याच कंपनीची 'कोन्ट्रा' आली. तीही 6 अश्वशक्तीचीच, पण वजन 12 किलो. 2019 मध्ये आलेली 'एमएस 500 आय' 5 किलोवॅटची आहे, म्हणजे पावणेसात अश्वशक्तीच्या आसपास, आणि बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आणि चेन सोडून तिचं वजन 6.2 किलो. नव्वद वर्षांत ताकद जवळजवळ जागच्या जागीच राहिली. वजन मात्र बार-चेन धरूनही पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आलं. म्हणजे इंजिनिअरांनी एवढी वर्षं डोकं चालवलं ते झाड लवकर पडावं म्हणून कमी आणि माणसाला यंत्र पेलावं म्हणून जास्त, असं मला वाटतं. चांगली चेनसॉ कोणती, याचं उत्तरही त्याच बाजूने शोधायला हवं.

दात बसवलेल्या साखळीने कापायची कल्पना मुळात लाकडासाठी निघाली नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधले जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री हे डॉक्टर हाड कापायला हाताने ओढायची दातेरी साखळी वापरत. 1830 च्या सुमाराला जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी मूठ फिरवून चालणारं हाडं कापायचं यंत्र केलं. जंगलात ही कल्पना पोचली ती विसाव्या शतकात. 1926 मध्ये स्टिल यांनी विजेवरची करवत केली. 1927 मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली आणि पुढे त्या डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. या करवती चालवायला दोन माणसं लागत: एक इंजिनाकडे, दुसरा बारच्या टोकाची मूठ धरून.

दोन माणसं लागायचं कारण नुसतं जड लोखंड नव्हतं. त्या काळच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असे. मशीन कलली की पेट्रोल कललं, आणि इंजिन बंद. झाड पाडताना करवत आडवी धरायची, फांद्या छाटताना उभी. म्हणून इंजिन सरळ ठेवून बार तेवढा फिरवता येईल अशी जोडणी करावी लागे. त्यात गिअरबॉक्स आला, आणि गिअरबॉक्सबरोबर वजन आलं. ही गाठ सोडवली डायफ्रॅम कार्बोरेटरने. त्यात फ्लोट नाही, रबराचा पातळ पडदा आहे. इंजिनातल्याच दाबाने तो खालीवर होतो आणि पेट्रोल मोजून सोडतो. मशीन उलटी धरली तरी चालते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्यामुळे तिथेही कलण्याची अडचण नव्हती. मग क्लचचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) थेट चेन ओढू लागलं, गिअरबॉक्स गेला, क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा झाला. अमेरिकेत 1949 मध्ये मॅककुलकची '3-25' आली, वजन 25 पौंड, एकट्याने उचलावी अशी. आज बाजारात दिसणारी प्रत्येक पेट्रोल चेनसॉ अंगाने याच घराण्यातली आहे.

हे झालं इंजिनाचं. पण कापतं ते इंजिन नाही, दात. आणि दाताची गोष्ट या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

पूर्वीच्या चेनला हातकरवतीसारखेच दात असत. काही दात ओरखडायचे, काही भुसा बाहेर काढायचे. ते लवकर बोथट होत आणि धार लावायला फार वेळ खात. 1946 मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातला जोसेफ बुफर्ड कॉक्स हा लाकूडतोड्या एका बुंध्याशी थांबला. त्यात एका मोठ्या भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरत होती, सरळ आणि आडवं दोन्हीकडे सारख्याच सहजतेने. तिचे दोन जबडे इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वळलेले होते आणि ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून लाकूड उचलत होती. कॉक्सने पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात त्या जबड्यांसारखे दात घडवले. 1947 मध्ये त्याची चेन विक्रीला आली. आज जगभर वापरली जाणारी चेन त्याच कल्पनेवर उभी आहे.

असा एक दात हातात घेऊन नीट पाहावा. वरून आडवी पट्टी, बाजूने उभी पट्टी, आणि दोन्ही जिथे मिळतात तो कोपरा. आधी तो कोपरा आणि उभी धार लाकडाचे धागे बाजूने तोडते, मग आडवी धार तो तुकडा खालून उचलून बाहेर फेकते. पुढचा दात उलट्या बाजूचा, म्हणून खाच दोन्ही कडांनी स्वच्छ पडते. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटं बोथट नाक असतं. मशीनवाले त्याला रेकर म्हणतात. रेकर काहीच कापत नाही, दाताने किती खोल चावायचं ते ठरवतो. दाताच्या टोकापेक्षा तो साधारण 0.65 मिलिमीटर खाली असतो. सगळ्या मशीनची चाल या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर अवलंबून आहे. दाताची वरची पट्टी मागे उतरती असते, त्यामुळे कानस मारत गेलं की दात मागे सरतो आणि ठेंगणा होतो. रेकर मात्र तेवढाच उंच राहतो. मग धार वस्तऱ्यासारखी असूनही चेन लाकडावरून नुसती घसरते. चालवणारा जोर लावून मशीन दाबतो, बार तापतो, आणि दोष जातो इंजिनाला. उलट, घाईने रेकर जास्त घासला तर दात भलताच मोठा घास घेतो, इंजिन अडतं आणि मशीन हिसके देऊ लागते.

कामावर असलेल्या चेनसॉची तब्येत पाहायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे तिच्या खाली पडलेला ढीग. जाडसर ढलप्या पडत असतील तर ठीक. पिठासारखा भुसा पडत असेल तर काम थांबवून कानस काढायची. गोल कानस, दाताच्या मापाची (0.325 इंच पिचच्या, म्हणजे कड्यांच्या मापाच्या, चेनला 4.8 मिलिमीटर, छोट्या मशीनच्या बारीक चेनला 4), साधारण 30 अंशांच्या तिरकसपणाने, प्रत्येक दाताला सारखे फेरे. डाव्या बाजूचे दात उजव्यापेक्षा लांब राहिले तर खाच सरळ जात नाही, वळते. हे शिकायला एक दुपार पुरते. पण मशीन विकणारे शंभर दुकानदार असतील तिथे धार लावायला शिकवणारा एखादाच सापडतो. मला विचाराल तर आपल्याकडे चेनसॉच्या कामगिरीतली सर्वांत मोठी तूट याच ठिकाणी आहे. नवं मॉडेल घेऊन ती भरून निघत नाही.

आता हातांकडे वळू. चेनसॉ हाताला दोन प्रकारे इजा करते: एक क्षणात, दुसरी वर्षानुवर्षं.

क्षणातली इजा म्हणजे किकबॅक. आपली माणसं म्हणतात, "मशीन उसळली." चेन बारच्या वरच्या कडेने पुढे धावते आणि टोकाला वळून खाली येते. या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग सर्वांत घातक. तो चुकून दुसऱ्या फांदीला लागला की दात अडकतो, आणि चेनमध्ये असलेला सगळा वेग मशीनलाच वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या मानेकडे फिरवतो. माणसाचे स्नायू जागे होण्याआधीच हे घडून जातं. म्हणून इलाज यंत्रातच हवा. पुढच्या मुठीसमोर जी पंजासारखी ढाल दिसते तो नुसता हात झाकायचा पत्रा नाही, चेनब्रेकचा खटका आहे. मशीन उसळली की मनगट त्यावर आदळतं, किंवा झटक्याच्या जोरानेच तो खटका पुढे पडतो. क्लचच्या ड्रमभोवतीची पोलादी पट्टी आवळली जाते आणि चेन क्षणार्धात थांबते. 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्टिल आणि हुस्कवार्ना या दोन्ही कंपन्यांनी हे ब्रेक आणले आणि या धंद्यातले मृत्यू आणि जखमा त्यामुळे टळू लागल्या. सकाळी मशीन सुरू केली की पहिली तपासणी याच ब्रेकची करायला हवी. ज्या मशीनचा ब्रेक मोडला म्हणून काढून टाकलेला आहे ती हातात घेऊ नये, मालक कुणीही असो.

दुसरी इजा कंपनाची. साठच्या दशकात स्वीडन, ब्रिटन, जपानमधल्या जंगल कामगारांची बोटं गारठ्यात पांढरी पडू लागली, बधिर होऊ लागली. रोज तासन् तास थरथर सोसून बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू खराब झाले होते. जपानमध्ये हा प्रकार इतका पसरला की सत्तरच्या सुमाराला सरकारी जंगलांत माणशी दिवसाला दोनच तास करवत चालवायची मर्यादा आली. त्यातून जे उत्तर निघालं ते आजच्या मशीनच्या पोटात दिसतं. इंजिन आणि बार हा एक भाग, मुठी आणि पेट्रोलची टाकी हा दुसरा, आणि दोघांत लोखंडी स्प्रिंगा किंवा रबराचे ठोकळे. मशीन बंद असताना मागची मूठ धरून बार हलवून पाहिला तर हा सांधा किंचित डुलतो. नवख्याला वाटतं मशीन ढिली आहे. तो ढिलेपणा बोटं वाचवण्यासाठी असतो. युरोपने 2002 च्या नियमांत आठ तासांच्या दिवसाला सरासरी 5 मीटर प्रति वर्ग सेकंद ही कंपनाची कमाल मर्यादा ठरवली आणि 2.5 ला उपाय सुरू करायची पायरी धरली. चांगल्या कंपन्या माहितीपत्रकात हा आकडा छापतात. आपण मशीन घेताना सीसीच्या आधी तो पाहावा.

सीसीबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण फसगत तिथेच होते. स्टिलचंच उदाहरण घेऊ. घरगुती-शेतीच्या वर्गातली 'एमएस 250' ही 45.4 सीसीची, 2.3 किलोवॅट, 4.6 किलो. व्यावसायिक वर्गातली 'एमएस 261' ही 50.2 सीसीची, 3 किलोवॅट, 4.9 किलो. सीसी दहा टक्क्यांनी वाढली, ताकद तीस टक्क्यांनी, वजन जेमतेम 300 ग्रॅमने. फरक पडतो तो सिलिंडरची बनावट, हवा-इंधनाच्या वाटा, क्रँककेसचा धातू यांनी. चेनचा वेग फेऱ्यांवर आणि स्प्रॉकेटवर ठरतो. ⅜ पिचची चेन आणि सात दातांचं स्प्रॉकेट असेल तर मिनिटाला दहा हजार फेऱ्यांना चेन सेकंदाला 22 मीटर धावते, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. पण लाकडात घुसल्यावर हा वेग किती टिकतो ते महत्त्वाचं. छोट्या इंजिनावर लांबलचक बार लावून विकलेली मशीन हवेत जोरात किंचाळते आणि ओंडक्यात गुदमरते.

टू-स्ट्रोकचा जुना दोष म्हणजे ताज्या मिश्रणाचा मोठा वाटा न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. चालवणाऱ्याचं तोंड त्याच धुरात असतं. नव्या इंजिनांत जळलेला वायू बाहेर ढकलायला आधी नुसती स्वच्छ हवा सोडतात आणि तिच्या मागे इंधन. त्यामुळे पेट्रोल वाचतं आणि धूरही बराच कमी होतो. स्टिलची एम-ट्रॉनिक, हुस्कवार्नाची ऑटोट्यून या यंत्रणा इंधनाचं प्रमाण चालता चालता स्वतः जुळवतात. 'एमएस 500 आय' ने कार्बोरेटरच काढून टाकला. इंधन इंजेक्शन असलेली ती पहिली चेनसॉ. आपल्याकडे याचा संबंध पंपावरच्या पेट्रोलशी येतो. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पोचलं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदा कडक करतं, शिवाय मिश्रण पातळ झाल्याने इंजिन जास्त तापतं. साधा कार्बोरेटर असलेली मशीन पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात ठेवली तर दसऱ्याला ती सुरू होईलच असं नाही. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, एवढी सवय लागली तरी पुष्कळ मशीन वाचतील.

रूपाचं काय? चेनसॉ देखणी असते, आणि मला ती देखणी वाटते ती तिच्या अंगावर वायफळ काही नसतं म्हणून. मागच्या मुठीचा तळ रुंद आणि पोकळ असतो, कारण जमिनीवर ठेवून दोरी ओढताना बुटाचं टोक तिथे दाबायचं असतं. तोच रुंद तळ चेन तुटून मागे आली तर उजव्या हाताचं रक्षण करतो. बारच्या मुळाशी खाली ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची बोटाएवढी खुंटी असते, तुटलेली चेन अडवायला. बार उजव्या अंगाला असतो, आणि झाड पाडताना मशीन आडवी धरली तरी ती बोजड वाटत नाही. पुढचे काटे लाकडात रुतवून मशीन टेकूसारखी वळवायला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतारावर काम करणारे पुढची मूठ पूर्ण वळसा घातलेली घेतात, दोन्ही कुशींवर धरता यावी म्हणून. नारिंगी रंगही हौसेचा नाही. पाचोळ्यात ठेवलेली मशीन लांबून दिसावी लागते. स्टिलने नारिंगी आणि फिकट करड्याची जोडी आपली ओळख केली, हुस्कवार्नाने गडद नारिंगी, योन्सेरेडने लाल, मॅककुलकने पिवळा.

रूपाची नक्कल सोपी असते, त्यामुळे बाजारात आज नारिंगी-पांढऱ्या मशीनची रांग लागलेली दिसते. वर 58 किंवा 62 सीसीचा ठसठशीत आकडा, 22 इंची बार, किंमत नामांकित मशीनच्या निम्म्याहून कमी. ढाल जागेवर असते, पण ढकलल्यावर पट्टी घट्ट बसतेच असं नाही. खुंटीच्या जागी मऊ प्लॅस्टिकचं बोंड. कंपन थोपवणारं रबर एवढं मऊ की बार खाचेत भरकटतो. शेतकऱ्याचा हात तंग असतो हे मला मान्य आहे, आणि वर्षातून चार दिवस सरपण फोडायला महागडी मशीन कुणी घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण तेवढ्याच पैशात ओळखीच्या कंपनीची 30 सीसीची छोटी मशीन मिळत असेल तर ती घ्यावी. ती हळू कापेल, आणि ब्रेक लागेल.

मशीनची आणि धारेची खरी परीक्षा वादळानंतर होते. 3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. रस्ते मोकळे करायला एनडीआरएफच्या तुकड्या चेनसॉ घेऊन उतरल्या, गावागावातले मशीनवालेही उतरले. माड कापणं हे आंबा-फणस कापण्यासारखं नाही. त्याला वर्तुळं नसतात, बाहेरून पोलादासारखे टणक धागे आणि आत भुसभुशीत गाभा. ते धागे लांब लांब निघून स्प्रॉकेटभोवती गुंडाळतात, क्लचचं झाकण बोळ्यांनी भरतं. किनाऱ्याची वाळू सालीत बसलेली असते आणि थोड्याच कापण्यांत चेनची धार जाते. अशा कामाला टोकदार कोपऱ्याच्या चेनपेक्षा गोलसर कोपऱ्याची चेन बरी. ती सावकाश कापते, पण मळ सोसते. पडलेलं झाड कापताना आधी ते कुठे ताणलंय आणि कुठे दबलंय हे पाहावं लागतं. दबलेल्या बाजूने खोल गेलं तर बार चिमटतो. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा तो मातीचा गड्डा परत खड्ड्यात आपटू शकतो. तिथे माणूस उभा नसावा, मूल तर नाहीच.

बॅटरीच्या मशीननी आता छोट्या कामांत पाय रोवला आहे. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2024 पासून तयार होणाऱ्या बहुतेक नव्या छोट्या इंजिनांना धूरमुक्तीची अट घातली. 45 सीसी आणि त्यावरच्या चेनसॉ मात्र त्या अटीबाहेर आहेत, त्यांचा अधिकार अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे आहे. ही वाटणी प्रत्यक्ष कामाशीही जुळते. जुन्या हापूसची छाटणी करणाऱ्या बागायतदाराला शिडीवर दोरी ओढावी लागत नाही, धूर नाही, थांबली की मशीन गप्प. आधी फांदीला खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे साल सोलत खाली जात नाही. कापल्या जागी बोर्डो पेस्ट. हे काम बॅटरी छान करते. दिवसभर मोठे ओंडके कापायचे तर आजही पेट्रोलच.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही, आणि ती यंत्राच्या बाहेर आहे. चेनसॉच्या संरक्षक विजारीत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की धागे सुटून स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि मशीन अडवतात. त्यांची प्रतवारी चेनच्या वेगावर: पहिला वर्ग सेकंदाला 20 मीटरपर्यंत, दुसरा 24, तिसरा 28. या विजारी थंड देशांसाठी शिवलेल्या आहेत. मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या बागेत कुणी त्या तासभर घालू शकत नाही, म्हणून आपली माणसं हाफ पँट आणि चपलांवर काम करतात. त्यात विजेच्या मशीनची मोटर सुरुवातीपासून पूर्ण जोराने ओढते, धाग्यांनी ती पेट्रोल मशीनइतकी खात्रीने अडेल असं धरून चालत नाही, आणि बनवणारेही तसं बजावतात. दमट उष्ण हवेत घालता येईल अशी, फक्त मांडीच्या पुढच्या भागाला आणि नडगीला झाकणारी, मागून मोकळी विजार इथल्या शिलाईवाल्यांनी आणि कृषी विद्यापीठांनी मिळून करायला हवी. पावसाळ्यानंतर छाटणीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा ती मशीनच्याच दुकानात, मशीनच्याच बिलात मिळायला हवी.